पेनसिल्व्हेनिया मिलिशियातला पूर्वज: माणूस पक्का कसा करायचा, कबर कशी शोधायची

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अमेरिकेत दिली आहे. जावयाच्या घरी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत की त्यांचा एक पूर्वज अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीच्या मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेत, शिपाई होता. नाव जॉन मिलरच्या जातीचं, म्हणजे हाक मारली तर चौघे वळून बघतील असं. इंटरनेटवर त्या नावाचे तीन सैनिक आणि दोन कबरी सापडतात. एका कबरीशेजारी पितळी खूणही रोवलेली आहे. यातला आपला कोण, कबर खरी कोणती, आणि तिच्यावर सरकारी दगड बसवून मिळतो का?

कबरीपासून सुरुवात करू नका. इथे तीन गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध करायच्या आहेत: जावयापासून त्या माणसापर्यंतची साखळी, त्या माणसाने प्रत्यक्ष केलेली सेवा, आणि ही कबर त्याचीच असणं. तिघींचे पुरावे वेगळे, कागद वेगळे, कचेऱ्याही वेगळ्या. इंटरनेटवरच्या बहुतेक वंशावळी यातली एक गोष्ट कशीबशी सिद्ध करतात आणि उरलेल्या दोन केवळ नाव जुळतं म्हणून चिकटवतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सगळं कुळ एका बैठकीत वाचायला मिळतं. पेनसिल्व्हेनियात अशी एक वही नाही. तिथे प्रत्येक बाप-लेकाचं नातं निराळ्या कागदावरून जोडावं लागतं.

साखळी आजपासून मागे न्यायची, पूर्वजापासून पुढे नव्हे. अलीकडचा भाग सोपा आहे. पेनसिल्व्हेनियात राज्यपातळीवर जन्म-मृत्यूच्या नोंदी 1906 पासून सुरू झाल्या, 1893 ते 1905 या काळातल्या काउंटीच्या कचेरीत आहेत, आणि विवाहाचे परवाने 1 ऑक्टोबर 1885 पासूनचे. मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात, पण ती सांगणारा बहुधा मुलगा किंवा जावई असतो. त्यामुळे आजोबांचं नाव तिथे चुकलेलं आढळलं तर नवल नाही. जनगणनेत 1880 पासून कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं मिळतं आणि 1850 पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव. 1890 ची जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे. 1790 ते 1840 या सहा जनगणनांमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची वयोगटाप्रमाणे संख्या आहे. तुमचा शिपाई नेमका याच काळातला, म्हणून खरी मेहनत 1750 ते 1850 या शंभर वर्षांत आहे.

या शंभर वर्षांत पहिला घोळ होतो तो काउंटीच्या हद्दीमुळे. युद्धाच्या वेळी लँकेस्टर काउंटी आजच्यापेक्षा बरीच मोठी होती. 1785 मध्ये तिच्यातून डॉफिन काउंटी वेगळी झाली आणि 1813 मध्ये लँकेस्टर व डॉफिन या दोघींचे तुकडे घेऊन लेबनन काउंटी झाली. लेबनन टाउनशिपमधला (टाउनशिप म्हणजे काउंटीतला गावापुरता विभाग) एखादा शेतकरी आपल्या जागेवरून न हलता तीन काउंट्यांचा रहिवासी झाला. त्याचं 1782 चं करपत्रक लँकेस्टरला, 1795 चं खरेदीखत डॉफिनचं मुख्य ठाणं हॅरिसबर्गला आणि 1820 चं मृत्युपत्र लेबननला मिळेल. ‘लँकेस्टरच्या मिलिशियातला माणूस’ म्हणून फक्त लँकेस्टर शहरातल्या कचेरीत शोधणाऱ्याला त्याचा मृत्यू सापडतच नाही. मग तो त्याच नावाचा, त्याच शहराजवळ वारलेला भलताच माणूस उचलतो. तुमच्या तीन सैनिकांपैकी निदान एक तरी असाच आला असण्याचा संभव आहे. म्हणून आधी टाउनशिप ठरवा. काउंटी नव्हे, टाउनशिप. दरवर्षीच्या करयाद्या टाउनशिपवार आहेत, त्यांत एकर, घोडे आणि गुरं मोजलेली असतात. 1778 ते 1785 च्या याद्या ओळीने लावल्या की 150 एकर आणि दोन घोडेवाला मिलर वेगळा, बिनजमिनीचा विणकर मिलर वेगळा, हे आपोआप दिसतं. 1798 चा थेट कर या राज्यात चांगला टिकून आहे. त्यात घराचं माप आणि घर लाकडी की दगडी हेही येतं.

बाप-लेकाचं नातं सांगणारे कागद मुख्यतः जमिनीचे आणि वारसाचे. मृत्युपत्र असेल तर उत्तम, पण बहुतेक शेतकरी मृत्युपत्र न करताच गेले. अशा वेळी ऑर्फन्स कोर्टाचं दप्तर काढा. नावावरून ते अनाथांसाठीचं न्यायालय वाटतं, पण मृत्युपत्र नसलेल्याच्या जमिनीची वाटणी तिथेच होई आणि त्या अर्जात सगळी मुलं, मुलींचे नवरे, अज्ञान नातवंडं अशी यादी असते. त्याहून मोलाची म्हणजे भावंडांनी एकाच्या नावे लिहून दिलेली हक्कसोडपत्रं. ती खरेदीखतांच्या वह्यांत असतात आणि काही वेळा बाप वारल्यानंतर 20-30 वर्षांनी, म्हातारी गेल्यावर नोंदलेली असतात. वह्यांच्या सूचीत ती पहिल्या सही करणाऱ्याच्या नावावर लागतात, बापाच्या नव्हे. म्हणून थोरल्या जावयाचं आडनावही शोधायचं. जमीन विकताना बायकोचीही संमती घेत, त्यामुळे खतावर तिचं नाव येतं. एक जॉन मार्गारेटचा नवरा आणि दुसरा बार्बराचा, एवढ्याने निम्मा गुंता सुटतो. सही की अंगठ्याऐवजी काढलेली खूण, हेही टिपून ठेवा. 1777 मध्ये जर्मन लिपीत ठसठशीत सही करणारा माणूस 1800 मध्ये फुली मारत नाही, निदान हात चालता असेपर्यंत.

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ या शब्दांवर भिस्त ठेवू नका. त्या काळी एका गावात एकाच नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर. ते काका-पुतणे असतील किंवा एकमेकांचे कोणी नसतीलही. मोठा वारला की धाकटा ज्युनियर सीनियर होतो आणि वंशावळीत एका माणसाचे दोन होतात.

त्या भागातली वस्ती मोठ्या प्रमाणावर जर्मन, म्हणून चर्चच्या वह्या जर्मनमध्ये. लुथरन आणि रिफॉर्म्ड मंडळी पुष्कळदा एकच इमारत वापरत आणि वह्या मात्र वेगळ्या ठेवत. दोन्ही पाहायच्या. घरात पाच भाऊ असतील तर पाचांचंही पहिलं नाव योहान असू शकतं. योहान पीटर हा रोजच्या व्यवहारात पीटर, योहान गेओर्ग हा जॉर्ज. इंग्रजी कागदात ‘जॉन’ होतो तो सहसा योहानेस, एकट्या नावाचा. म्हणून ‘योहान पीटर मिलर’चा बाप्तिस्मा सापडला आणि त्याला जॉन मिलर ठरवलं, तर माणूस चुकला. आडनावंही बदलतात: म्युलर मिलर झाला, श्नायडर स्नायडर किंवा टेलर झाला, त्सिमरमान कार्पेंटर झाला. बाप्तिस्म्याच्या नोंदीतले साक्षीदार म्हणजे धर्ममातापिता बहुधा काका, मामा, आत्या, मावश्या असतात. त्यांची नावं उतरून घेतली तर आईचं माहेर सापडतं, आणि माहेरची नावं एकाच नावाच्या दोन कुटुंबांना वेगळं करायला फार उपयोगी पडतात.

आता सेवा. इथे मिलिशिया म्हणजे काय होतं ते नीट समजून घेतलं नाही तर पुढचं सगळं कोसळतं. 1775-76 मध्ये पेनसिल्व्हेनियात स्वेच्छेने नाव देणारे ‘असोसिएटर’ होते. 17 मार्च 1777 च्या कायद्याने 18 ते 53 वयाच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषाचं नाव सक्तीने मिलिशियात आलं. प्रत्येक काउंटीचे भाग पाडून एकेका भागाची एक बटालियन, बटालियनमध्ये आठ कंपन्या, आणि प्रत्येक कंपनीचे चिठ्ठ्या टाकून आठ वर्ग. गरज पडली की वर्गाच्या क्रमाने बोलावणं येई आणि एका फेरीची मुदत दोन महिने असे. तिसऱ्या वर्गाला हुकूम आला की आठही कंपन्यांतले फक्त तिसऱ्या वर्गाचे लोक एकत्र येऊन मोहिमेपुरती नवी कंपनी उभी राही. अधिकारीही असेच वेगवेगळ्या कंपन्यांतून घेतले जात. म्हणजे गावच्या यादीत ज्या कॅप्टनच्या हाताखाली नाव आहे, त्याच्याच हाताखाली माणूस लढला असं नाही. दोन यादींत दोन वेगळे कॅप्टन दिसले म्हणून ती दोन माणसं ठरवणं किंवा, उलट, एकच कॅप्टन आहे म्हणून एकच माणूस ठरवणं, दोन्ही चुकीचं. शिवाय 1780 च्या नव्या कायद्याने बटालियनचे क्रमांक बदलले. 1778 ची तिसरी बटालियन आणि 1782 ची तिसरी बटालियन एकाच भागाची असेल असं धरू नका. टाउनशिप कोणती, हा प्रश्न इथे पुन्हा कामाला येतो.

छापील याद्या ‘पेनसिल्व्हेनिया अर्काइव्हज’ या सरकारी ग्रंथमालेच्या पाचव्या मालिकेत काउंटीवार आहेत. हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराकडे याच काळातल्या नोंदींची नाववार कार्डंही आहेत. कार्ड सापडलं की आनंदून थांबू नका, कार्ड ज्या मूळ यादीवरून केलं तिचं शीर्षक वाचा. वर्गवारीची यादी असेल तर तिचा अर्थ एवढाच की हा माणूस त्या वयाचा आणि त्या गावचा होता. ती सक्तीची नोंद आहे, सेवेची नव्हे. हजेरीपट किंवा पगारपत्रक असेल, ‘अमुक ठिकाणी तैनात’ असं म्हटलं असेल, तर सेवा. गैरहजेरीच्या दंडाची यादी असेल तर माणूस कवायतीला किंवा बोलावण्याला आलाच नव्हता. लँकेस्टरात मेनोनाइट, अमिश आणि डंकर पंथांचे लोक भरपूर. ते धर्माने शस्त्र धरत नसत आणि दंड भरत. त्यांची नावंही वर्गयादीत आहेत, आणि अशा कित्येक शांतताव्रती आजोबांना नातवंडांनी पुढे शिपाई केलं आहे. बदली माणूस पाठवायचीही मुभा होती. सेवा गेलेल्याच्या खात्यावर, पैसे देऊन घरी बसलेल्याच्या नव्हे.

वयाचा हिशोब हा साधा चाळणीचा प्रयोग आहे. 1777 मध्ये 18 ते 53 म्हणजे जन्म साधारण 1724 ते 1759. युद्ध संपेपर्यंत 18 पूर्ण करणारे धरले तर जन्म 1765 पर्यंत येतो. दगडावर जन्म 1769 असेल तर तो माणूस मिलिशियाच्या सक्तीत बसत नाही. बहुधा तो शिपायाचा मुलगा किंवा पुतण्या.

घरात सांगितली जाणारी लढाई बहुतेक वेळा ब्रँडीवाइन किंवा जर्मनटाउन असते. 1777 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियाची मिलिशिया त्या धामधुमीत होती हे खरं. पण लँकेस्टरच्या मिलिशियाच्या कित्येक फेऱ्या युद्धकैदी हेसियन, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या भाडोत्री जर्मन, शिपायांवर पहारा देण्यात आणि सामानाच्या गाड्यांबरोबर चालण्यात गेल्या. तीही सेवाच आहे. दोन महिन्यांच्या फेरीची तारीख लढाईच्या तारखेशी ताडून पाहिल्याशिवाय वंशावळीत लढाईचं नाव घालू नये.

पेन्शनची फाइल शोधाच, पण ती नसली तर निराश होऊ नका. 1818 चा पेन्शन कायदा काँटिनेंटल, म्हणजे वॉशिंग्टनच्या कायम, सैन्यात निदान नऊ महिने किंवा युद्धाच्या शेवटपर्यंत राहिलेल्या गरजू सैनिकांसाठी होता, मिलिशियासाठी नव्हे. 7 जून 1832 च्या कायद्याने मिलिशियाला दार उघडलं, तेही निदान सहा महिने सेवा असेल तर. पूर्ण पेन्शनला दोन वर्षं लागत. दोन महिन्यांची एक-दोन फेरी केलेला शिपाई त्यात बसत नव्हता, आणि 1832 पर्यंत जगलेले तरी किती? म्हणून फाइल नसणं हाच मिलिशियाचा नेम आहे. असेल तर मात्र तिच्यात सोनं असतं. 1832 च्या अर्जदाराला न्यायालयात ठरावीक प्रश्न विचारत: जन्म कुठे आणि कधी, वयाची नोंद कुठे आहे, बोलावणं आलं तेव्हा राहत कुठे होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिला, स्वतःहून गेला की सक्तीने की बदली म्हणून, अधिकारी कोण. एवढ्या उत्तरांनी एकाच नावाचे तिघे लगेच वेगळे होतात. विधवेच्या अर्जात लग्नाचा पुरावा लागे, म्हणून त्या फायलींत कौटुंबिक बायबलची फाडलेली पानं आणि जर्मन घरांतले रंगीत बाप्तिस्मा-दाखलेही सापडतात.

या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात सुमारे 80,000 आहेत आणि त्यांच्या ऑनलाइन सूचीत फुकट पाहता येतात. फाइलवर एस अक्षर म्हणजे स्वतः सैनिक, डब्ल्यू म्हणजे विधवा, आर म्हणजे नामंजूर. ही आर अक्षराची फाइल आधी बघा. ‘सहा महिने भरत नाहीत’ म्हणून नाकारलेल्या अर्जात मिलिशियाच्या फेऱ्यांचं तपशीलवार वर्णन असतं, आणि वंशावळीला पैसे मिळाले की नाही याच्याशी देणंघेणं नाही. 1855 च्या जमीनवाटप कायद्यात 14 दिवसांच्या सेवेवरही 160 एकराचा हक्क होता, तेव्हा दीर्घायुषी विधवा असेल तर तिकडेही डोकवा. युद्धखात्याच्या कचेरीला नोव्हेंबर 1800 मध्ये आग लागून जुनं दप्तर जळालं, त्यामुळे त्याआधीचे अपंग सैनिकांचे अर्ज बहुतांश गेले.

डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन, म्हणजे डीएआर, ही स्वातंत्र्ययुद्धातल्या लोकांच्या वंशज स्त्रियांची संस्था. तिची पूर्वजांची सूची ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. संस्था 1890 ची. सुरुवातीच्या काळात स्वीकारलेले अर्ज आजच्या कसोटीला टिकत नाहीत, आणि संस्थेने स्वतःच अशा नावांपुढे लाल अक्षरांत शेरे मारले आहेत: सेवा नव्याने सिद्ध करा, वंश नव्याने सिद्ध करा. लाल शेरा दिसला तर ती नोंद पुरावा म्हणून वापरू नका. पण त्या अर्जाची प्रत विकत घ्या, कारण कुठल्या कागदावर इमारत उभारली होती ते त्यात कळतं. तिथे सैनिकाबरोबरच निष्ठेची शपथ घेतलेले, माल पुरवलेले लोकही ‘देशभक्त’ म्हणून नोंदले जातात. 1777 च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियाने 18 वर्षांवरच्या पुरुषांना ही शपथ सक्तीची केली होती. तुमचा पूर्वज देशभक्त म्हणून स्वीकारला गेला आहे आणि शिपाई होता, ही दोन वेगळी विधानं आहेत.

आता कबर. तीही आधी कागदावर शोधायची, मग बुटांनी. मृताच्या मालमत्तेचा हिशोब ज्याने न्यायालयात दिला त्याच्या खर्चात शवपेटी, खड्डा खणणं आणि कधीकधी दगड असे आकडे असतात. पैसे कोणाला दिले ते पाहिलं की चर्च कळतं. पाद्र्याची दफनवही असेल तर तीच अंतिम. कुटुंब मोरेव्हियन असेल तर नशीबच. त्या पंथात माणूस गेल्यावर त्याचं जीवनवृत्त लिहून ठेवत, आणि दफनभूमीत आडव्या सपाट दगडांवर क्रमांक असत. पण तिथे नवरा-बायको शेजारी शोधू नका, पुरुष एका भागात आणि बायका दुसऱ्या भागात पुरल्या आहेत.

चर्चमध्ये नसेल तर शेतात. शेत विकताना खतात ‘चार रॉड चौरस दफनभूमी वगळून’ अशा अर्थाचं कलम घालत. एक रॉड साडेसोळा फूट, म्हणजे 66 फूट बाय 66 फुटांचा तुकडा. हे कलम पुढच्या मालकांच्या खतांत कधी टिकतं, कधी गळतं, म्हणून सगळी खतं ओळीने वाचायची. 1870 च्या सुमाराचे काउंटीचे नकाशे आणि भूसर्वेक्षणाचे जुने नकाशे यांवर शेतांतल्या दफनभूमी दाखवलेल्या सापडतात. जागेवर गेल्यावर खुणा अशा: शेताच्या मध्ये न नांगरलेला उंचवटा, लांबट खळगे सगळे पूर्व-पश्चिम दिशेने, डोक्याशी आणि पायाशी उभे केलेले अनघड दगड, आणि जमिनीवर पसरलेली सदाहरित निळ्या फुलांची वेल. ही आपल्या सदाफुलीच्याच कुळातली, मुद्दाम कबरींवर लावलेली, आणि माणसं गेल्यावरही तग धरून राहते. खासगी जमीन असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या. सळई खुपसून बघण्याचा उद्योग परवानगी असली तरी करू नये.

राज्याकडे माजी सैनिकांच्या दफनाची कार्डंही आहेत, आणि काउंटीच्या माजी सैनिक कार्यालयात कबरींची नोंद असते. उपयोगी आहेत, पण स्वातंत्र्ययुद्धातल्या शिपायांची कार्डं मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, ऐकीव माहितीवरही भरली गेली. इंटरनेटवरच्या ‘फाइंड अ ग्रेव्ह’चंही तेच. पानावर दगडाचा फोटो नसेल तर ती कबर नव्हे, कोणाचं तरी मत आहे.

पितळी खुणेबद्दल. ती दगडाचा भाग नसते, मातीत रोवलेली सुटी कांब असते. गवत कापणारा ती उपटतो आणि शेजारच्या दगडाला टेकवून जातो. दरवर्षी मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, सैनिकांच्या स्मरणदिनी, झेंडा लावणारे खूण बघून झेंडा लावतात, आणि दहा वर्षांत शेजारचा सुतार शिपाई होतो. खुणेवरची वर्षंही वाचा: 1861-1865 असेल तर ती यादवी युद्धातल्या सैनिकाची आहे.

दगड वाचताना पहिलं बघायचं ते दगडाची जात. या भागात 18व्या शतकात तांबूस वाळूचा दगड वापरत. त्याचे पापुद्रे सुटतात आणि अक्षरांसकट गळून पडतात. 1800 नंतर पांढरा संगमरवर आला. तो आम्लयुक्त पावसाने साखरेसारखा खरखरीत होतो आणि अक्षरं विरतात. 1790 मध्ये वारलेल्या माणसाच्या डोक्याशी गुळगुळीत ग्रॅनाइट असेल तर तो दगड नंतर कोणीतरी बसवलेला आहे, आणि त्यावरची माहिती त्या बसवणाऱ्याच्या समजुतीइतकीच खरी. अक्षरं दिसत नसतील तर प्रकाश समोरून नव्हे, बाजूने घासून जाईल असा पाडा. उन्हात मोठा आरसा धरून दगडाच्या पातळीला जवळजवळ समांतर उजेड सोडला किंवा अंधार पडल्यावर बॅटरी कडेला टेकवली की कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर सावल्यांनी ओळी उठतात. खडू, पीठ, दाढीचा फेस यांतलं काहीही फासू नका. फेसातलं स्टिअरिक आम्ल छिद्रांत बसतं आणि धुऊन जात नाही. कागद ठेवून पेन्सिल घासणंही पोकळ दगडाला पाडायला पुरतं. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर त्या दगडाला हातच लावायचा नाही, फक्त फोटो.

मजकूर जर्मन असेल तर ‘हिअर रूहेट’ म्हणजे येथे विसावला आहे, ‘गेबोरेन’ जन्म, ‘गेश्टोर्बेन’ मृत्यू. महिन्यांत एक सापळा आहे. 7 हा आकडा आणि पुढे ‘बर’ असं कोरलेलं असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. 8 ऑक्टोबर, 9 नोव्हेंबर, 10 डिसेंबर. आणि जन्मतारखेऐवजी वय वर्षं-महिने-दिवसांत दिलेलं असतं, ते उलटं काढावं लागतं. समजा मृत्यू 14 मार्च 1823 आणि वय 69 वर्षं 8 महिने 21 दिवस. आधी दिवस वजा केले तर 21 फेब्रुवारी 1823, मग महिने, 21 जून 1822, मग वर्षं, 21 जून 1753. पण आधी वर्षं, मग महिने, मग दिवस असं गेलात तर उत्तर 23 जून 1753 येतं. पाद्र्याने कोणत्या क्रमाने मोजलं हे दगड सांगत नाही. म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीत दोन-तीन दिवसांचा फरक निघाला तर माणूस बदलू नका. जन्म सप्टेंबर 1752 च्या आधीचा आणि इंग्रजी वसाहतीतला असेल तर दिनदर्शिका बदलल्यामुळे आणखी 11 दिवसांचा फरक पडू शकतो, कारण त्या वर्षी 2 सप्टेंबरनंतर थेट 14 उजाडला. जर्मनीच्या प्रोटेस्टंट भागात हा बदल 1700 मध्येच झाला होता, तेव्हा तिथे जन्मलेल्याला ही अडचण नाही.

स्वच्छता करायचीच असेल तर दफनभूमीच्या व्यवस्थापकांची परवानगी, भरपूर स्वच्छ पाणी, मऊ ब्रश आणि लाकडी काडी. आधी दगड पुरता भिजवायचा, खालून वर घासत जायचं म्हणजे काळ्या ओघळांचे डाग खालच्या कोरड्या भागात मुरत नाहीत, आणि शेवटी पुन्हा धुवायचं. शेवाळासाठी डी-टू नावाचं द्रावण राष्ट्रीय दफनभूमींतही वापरतात. ब्लीच, आम्ल, तारेचा ब्रश, जोरदार फवारा, सगळं वर्ज्य. रात्री पाणी गोठणार असेल तर त्या दिवशी दगड भिजवू नका. कललेला दगड सिमेंटमध्ये बसवायची हौस तर मुळीच नको. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कठीण, ते पाणी अडवतं, थंडीत त्याचा बर्फ होतो आणि दगड बरोबर जमिनीच्या रेषेवर तुटतो.

दगड आहे म्हणजे खाली माणूस आहे, असंही नाही. पेनसिल्व्हेनियाचा जनरल अँथनी वेन 1796 मध्ये ईरी इथे वारला. 1809 मध्ये मुलगा वडिलांना न्यायला आला तेव्हा शरीर उकळून हाडं वेगळी केली आणि ती रॅडनरच्या चर्चमध्ये नेली, बाकीचं ईरीलाच राहिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲक्टनचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस 19 एप्रिल 1775 रोजी काँकॉर्डच्या पुलावर पडला. त्याचे अवशेष 1851 मध्ये गावच्या स्मारकाखाली हलवले. डॅनियल बूनचे अवशेष 1845 मध्ये मिसूरीतून केंटकीला नेले आणि नेलेला माणूस बूनच होता का यावर अजून वाद आहे. नामांकितांची ही कथा, तर साध्या शिपायाचा दगड चर्चच्या विस्तारात भिंतीला टेकवून ठेवलेला असणं अगदी नेहमीचं. एका ओळीत चिकटून उभे केलेले दगड दिसले की समजायचं की ते मूळ जागी नाहीत. तुमच्या दोन कबरींपैकी एक अशीच नातवंडांनी नव्या गावी उभारलेली आठवणीची शिळा असेल तर दोन्ही दगड खरे आणि माणूस एकच, असंही निघू शकतं.

सरकारी दगडाबद्दल. अमेरिकेचं माजी सैनिक खातं स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकाच्या अचिन्हित कबरीला आजही दगड देतं. अर्जाचा नमुना 40-1330. इतक्या जुन्या सैनिकासाठी अर्जदार वंशजच असावा अशी अट नाही. दगड आणि त्याची पोच मोफत, बसवण्याचा खर्च आपला. उभा संगमरवरी दगड 42 इंच उंच, 13 रुंद, 4 जाड आणि सुमारे 230 पौंड, म्हणजे शंभर किलोंच्या वर, तेव्हा उतरवून घ्यायला माणसं लागतात. पुरावा म्हणून हजेरीपट, राज्याच्या दप्तराचा उतारा, पेन्शन किंवा जमिनीच्या हक्काचा कागद जोडावा लागतो. छापील वंशावळ किंवा फाइंड अ ग्रेव्हचं पान जोडलं तर अर्ज परत येतो. दफनभूमीच्या जबाबदार माणसाची सही हवी, आणि अर्ज अडकतो तो बहुधा इथेच, कारण जुन्या चर्चची मंडळी विसर्जित झालेली असते. म्हणून आधी दफनभूमीचा आजचा मालक कोण ते काउंटीच्या नोंदीतून काढा.

कबरीवर वाचता येणारा खासगी दगड आधीच असेल तर सरकारी दगड मिळत नाही. जोडीला दुसरी खूण देण्याची सवलत फक्त 1 नोव्हेंबर 1990 किंवा नंतर वारलेल्यांना आहे. अशा वेळी सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन या वंशज पुरुषांच्या संस्थेच्या स्थानिक शाखेशी बोला, ते सेवेची पडताळणी करून कांस्य खूण बसवतात. दफनभूमी नक्की पण नेमकी जागा अज्ञात असेल तर नकली कबर तयार करू नका. अवशेष सापडू न शकणाऱ्यांसाठी ‘स्मरणार्थ’ अशा शब्दांनी सुरू होणारा दगड याच नमुन्यावर मागता येतो, तो दफनभूमीच्या कडेला बसवतात. अर्ज भरताना जन्म आणि मृत्यूची वर्षं, मिलिशियाचं राज्य आणि युद्धाचं नाव एवढंच कोरायला मागा. हुद्दा कागदावर ‘प्रायव्हेट’, म्हणजे साधा शिपाई, असेल तर घरात ‘कॅप्टन’ म्हणत आले तरी प्रायव्हेटच लिहा, कारण पुराव्याशी न जुळणारा हुद्दा खातं कोरणार नाही.